पायपेटी नव्हे : घरच्या ऑर्गनच्या नोंदी

१९ मे २०२४

"ऑर्गन करतेय" म्हटलं की नागपुरात दोनच प्रश्न येतात. एक अवयवदानाचा, दुसरा नाट्यसंगीताचा. दुसऱ्यात लोकांची चूक नाही. मराठीत ऑर्गन म्हणजे संगीत नाटकात साथीला असायची ती पायपेटी. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आजोबांची होती. पाय भाता मारायचे, हात वाजवायचे. मी पाच-सहा वर्षांची असताना खाली बसून आजोबांचे पाय बघायचे, कारण हात उंचावर असायचे.

मला हवाय तो चर्चचा ऑर्गन, नळ्यांचा. त्यात हवा विजेचा पंखा भरतो आणि पायांना वेगळंच काम असतं: सूर वाजवण्याचं. हातांच्या पट्ट्यांसारखीच पायांची वेगळी पट्ट्यांची पाटी.

निमित्त असं. सदर भागातल्या एका चर्चच्या क्वायरला दोन वर्षं पेटीची साथ करते आहे. क्वायरच्या सरांनी परवा सहज विचारलं, "ताई, या डिसेंबरात ऑर्गन ऐकायला मिळेल का?" नळ्यांचा ऑर्गन तिथे नाही आणि कुणी आणून बसवण्याइतका पैसा नाही. पण ग्रँडऑर्ग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. कुठल्या तरी चर्चच्या ऑर्गनची एकेक नळी वेगळी ध्वनिमुद्रित केलेली असते, आपण पट्टी दाबली की तीच नळी वाजते. लॅपटॉप आहे. एकसष्ट पट्ट्यांचे दोन जुने कीबोर्ड आहेत, ते एकावर एक मांडले की हातांचं भागलं. उरले पाय. पायांची पाटी बाहेरून मागवली तर माझी स्कूटर विकावी लागेल. म्हणून बनवायची.

माप ठरवलं: ३० पट्ट्या, १८ पांढऱ्या, १२ काळ्या. दोन शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्यांत अडीच इंच. म्हणजे नुसत्या पट्ट्यांचीच रुंदी पावणेचार फूट. आईला अजून सांगितलेलं नाही.

२३ मे

लकडगंज. सागाच्या फळ्या घेतल्या, काळ्या पट्ट्यांवर चढवायला शिसम. मिस्त्रींना कागदावर नकाशा दाखवला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला.

"एवढ्या मोठ्या पट्ट्या कोणाले पाह्यजे ताई? हत्तीले?"

पायांनी वाजवायच्या आहेत म्हटलं.

"पायानं वाजवान? मंग हातानं का करान?"

हातांनीही वाजवायचंच असतं, एकाच वेळी, असं सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पंधरा दिवस लागतील. म्हणजे महिना.

३ जून

पाटी झालेली नाही. गच्चीखालच्या खोलीत कूलर बंद करून बसलं तर पारा ४४. परवा शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि देशभर बातमी झाली. मग कळलं की तिथला सेन्सर बिघडला होता.

मधल्या वेळात एक उद्योग केला. आयुष्यभर नळ्यांची ध्वनिमुद्रणंच वाजवायची असतील तर निदान एक नळी हाताने केलेली असावी. उरलेल्या सागाच्या पट्ट्यांची चौकोनी नळी केली, आतून साधारण एक इंच बाय सव्वा इंच, लांबी फूटभर. खाली बासरीसारखं तोंड: हवा एका फटीतून येते आणि समोरच्या धारदार ओठावर आपटते. वरून चामडं गुंडाळलेला लाकडी दट्ट्या. दट्ट्या आत सरकवला की सूर चढतो, बाहेर ओढला की उतरतो. अशी वरून बंद नळी उघड्या नळीच्या निम्म्या लांबीत तोच सूर देते. चर्चमध्ये जागा कमी असली की खर्जाच्या नळ्या बंद करतात त्या यासाठीच.

तोंडाने फुंकून चालत नाही, श्वास गरम आणि ओला असतो, सूर हलतो. म्हणून एका मोडक्या पेटीच्या भात्याला रबरी नळी जोडली आणि दाब सारखा राहावा म्हणून भात्यावर वीट ठेवली. पहिल्यांदा नुसती फुसफूस. ओठाची धार पॉलिश पेपरने दोनदा घासली, फट पोस्टकार्डाच्या जाडीची केली. आणि एकदम सूर. मऊ, गोल, थोडा घुबडासारखा. आई स्वयंपाकघरातून, "कोण आलं गं?"

दट्ट्या सरकवत मधली पांढरी एक, म्हणजे मधल्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा सूर, लावला. सकाळी सहाला खोलीत ३१ अंश होते तेव्हा. दुपारी तीनला, ४४ अंशांवर, तीच नळी, तोच दट्ट्या, तीच वीट: सूर ३५ सेंट वर. दोन शेजारच्या पट्ट्यांत १०० सेंट असतात. म्हणजे एका पट्टीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नळी चढून बसली. कारण साधं आहे. गरम हवेत आवाज जोरात धावतो आणि नळीचा सूर त्या धावण्यावरच ठरतो. एका अंशाला साधारण ३ सेंट. ५६ चा आकडा खरा असता तर आणखी ३२ सेंट.

शेजारी आजोबांच्या पेटीची पांढरी एक. ती जागची हलली नव्हती म्हटलं तरी चालेल. पेटीत सूर पितळी पट्टीचा असतो, हवेच्या खांबाचा नाही. मोठ्या ऑर्गनमध्ये दोन्ही जातींच्या नळ्या असतात, नुसत्या हवेच्या आणि आत जीभ थरथरणाऱ्या. हवा तापली की पहिल्या चढतात, दुसऱ्या जवळपास तिथेच. मग जिभेच्या थोड्या नळ्याच हवेच्या शेकडो नळ्यांना मिळवून घ्यायच्या. सगळ्या वऱ्हाडाला हलवण्यापेक्षा चार जणांची समजूत काढणं बरं.

१६ जून

सीताबर्डीला मोदी नंबर तीनमध्ये, इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत, रीड स्विच शोधले. एका दुकानदाराने माझ्या खांद्यावरची पेटी बघून इतवारीतल्या पेटीवाल्याचा पत्ता दिला. रीड म्हणजे सुराची पट्टी असं त्याला वाटलं. शेवटी मिळाले: काचेच्या बारीक नळीत दोन पत्र्या, चुंबक जवळ आलं की चिकटतात. प्रत्येक पट्टीखाली एक चुंबक, चौकटीवर एक स्विच.

तीस स्विचना तीस तारा नेण्याऐवजी चार बाय आठची जाळी केली, बारा तारांत भागलं. प्रत्येकाला एक डायोड, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा. तीनशे साठ रुपयांत सगळं, चहा धरून.

२३ जून

पाटी आली. देखणी आहे. आईने बघितली आणि म्हणाली, "ही दिवाणखान्यात नाही राहणार." ही वाटाघाट पुढे चालू.

चालू केल्यावर पांढरी चार दाबली की शेजारची काळी तीनही वाजायची. कार्यक्रमात पाठीमागे आत्या गाते तशी. चुंबक फार तगडे घेतले होते, शेजारचा स्विचही ओढायचे. लहान आणले. एक डायोड उलटा जोडला होता, ती पट्टी मुकी होती. बाकी ठीक.

७ जुलै

पाऊस. लाकूड फुगलं, अकरा पट्ट्या चौकटीत अडकल्या. दाबली की खालीच, सूर चालूच. रविवारी सकाळी घरात अखंड खर्ज. मिस्त्री रंधा घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, मी तं म्हटलंच होतं, फट ठेवा." म्हटलं नव्हतं. पण बाजूंनी रंधून दिलं, वर मेणबत्ती घासली. पट्ट्यांखाली पेटीत घालतात तीच लाल बनात, जाड लोकरी कापड, लावली, आता खडखड होत नाही.

२८ जुलै

पाय वाजत नाहीत.

वाजत नाहीत म्हणजे मला वाजवता येत नाहीत. इतकी वर्षं पेटी वाजवून मला वाटलं होतं की सूर माझ्या ओळखीचे आहेत. ते माझ्या बोटांच्या ओळखीचे आहेत. पायांना पांढरी एक कुठे आहे हे ठाऊकच नाही. आणि खाली बघायचं नाही. बघितलं की हात चुकतात.

एक युक्ती उपयोगी पडते. काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटांत असतात, मध्ये रिकामी जागा. ती रिकामी जागा पायाने चाचपायची, आंधळा माणूस जिन्याची कड चाचपतो तशी. शिवाय दोन्ही गुडघे एकमेकांना टेकवून ठेवायचे. एका पायाचं अंतर दुसऱ्या पायाला आपोआप कळतं. चवडा आणि टाच दोन्ही वापरायची, म्हणजे एका पायाने दोन शेजारचे सूर सलग वाजतात. चपला चालत नाहीत, मोजे घसरतात. शाळेतले काळे कॅनव्हासचे बूट निघाले माळ्यावरून, तळवे झिजून पातळ झालेले. उत्तम.

डाव्या हाताचं दुःख वेगळंच. पेटीत तो भाता मारतो. इथे त्याला वाजवायचंय, पण सवयीने तो सारखा मागे जातो आणि हवेत भाता शोधतो. भाच्याने व्हिडिओ काढलाय. कुटुंबाच्या ग्रुपवर गेलाय.

११ ऑगस्ट

खटक्यांचा अभ्यास. कुठल्या नळ्या बोलवायच्या ते खटके ओढून ठरतं. प्रत्येकावर आकडा: १६, ८, ४, २. हे फूट. आठ फुटी म्हणजे सगळ्यात खालच्या पट्टीची उघडी नळी साधारण आठ फूट उंच, आणि पट्टीवर जो सूर तोच ऐकू येतो. सोळा फुटी एक सप्तक खाली, चार फुटी एक सप्तक वर. पेटीवाल्यांनी खर्ज, नर, मादी असं मनात म्हणावं. एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही वाजवणारा कपलर तर आपल्याकडेही आहेच. पण दोन पूर्णांक दोन तृतीयांश फुटाचा खटका बघून मी दचकले. एकच पट्टी दाबायची आणि आत वरच्या सप्तकातला पंचम गुपचूप मिसळायचा. एकटा ऐकला तर बेसूर वाटतो, आठ फुटीबरोबर ओढला की वेगळा ऐकूच येत नाही, फक्त सुराला धार येते. डाळीतल्या आमसुलासारखं.

आता स्वीडनमधल्या बुरेओ गावच्या चर्चचा ऑर्गन लॅपटॉपवर आहे. महालात बसून.

३ सप्टेंबर

आज मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची पुतळ्यांची मिरवणूक. सकाळपासून इतवारीच्या बाजूने ढोल, काळी-पिवळी निघाली. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" शाळांना सुट्टी, रस्ते बंद, म्हणून सहा तास सलग बसले.

जर्मन संगीतकार बाखची एक छोटी रचना घेतली आहे, बीडब्ल्यूव्ही ६३९ (हा त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). निवडायचं कारण कबूल करते: तीनच ओळी आहेत. उजव्या हातात गाणं, डाव्यात मात्रेला चार सुरांची सतत धार, पायांत एकसारखे पडणारे सूर. पांढरी चारचा षड्ज, कोमल गंधार. संथ. मला वाटलं सोपी.

पाय एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवतात आणि तिथेच सगळं फसलं. पेटीवर तोच सूर परत वाजवताना मी भात्याला एक हलकी थाप देते. त्याने ठोका उमटतो. दाब कमी-जास्त करून सूर फुलवते, विझवते. इथे ते काहीच नाही. ऑर्गनची पट्टी कशीही दाबा, हळू दाबा, आपटून दाबा, नळी तेवढीच वाजणार. हवा माझी नाही. पट्टी दाबून धरली तर तासाभराने सूर तितकाच असेल, ना थकलेला ना वाढलेला.

मग ठोका कुठून आणायचा? दुपारी तीनपर्यंत मी जोरजोरात पाय आपटत होते, खालच्या मजल्यावरून काकू येऊन गेल्या. मग एकदा दमून पाय जरा लवकर उचलला. पुढचा सूर एकदम उठून दिसला. मी तो जोरात वाजवला नव्हता, त्याच्या आधी जागा केली होती.

तिथून पुढचे तीन तास फक्त उचलण्याचा रियाज. सूर केव्हा लावायचा ते नाही, केव्हा सोडायचा ते. समेच्या आधी थोडी मोठी फट, मधल्या सुरांच्या आधी नखाएवढी. डाव्या हातात जवळजवळ फटच नाही. आणि उजव्या हातात गाणं म्हणून श्वास घ्यायची जागा ओळीच्या शेवटीच. तिन्ही ठिकाणी वेगळी फट, एकाच वेळी. संध्याकाळी सात वाजता पहिल्या चार मात्रा नीट आल्या. चार मात्रा.

आजोबा तंबोऱ्यावर गाणाऱ्या एकाबद्दल म्हणायचे, "त्याला सोडता येत नाही." मी समजायचे, त्याला दारू सोडता येत नाही.

तरुण बाख १७०५ साली आर्नस्टाटहून ल्यूबेकला ज्येष्ठ ऑर्गनवादक बुक्स्टेहुडेला ऐकायला पायी गेला होता. चारशे किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर अडीचशेच्या आसपास. आर्नस्टाटच्या नोकरीवरून रजा घेतली होती चार आठवड्यांची, परतला काही महिन्यांनी. वरिष्ठांनी जाब विचारला. विचारणारच.

१३ ऑक्टोबर

आवाज लहान-मोठा करायला खऱ्या ऑर्गनमध्ये काही नळ्या एका लाकडी खोलीत ठेवतात आणि तिला उघडझाप होणारी फळ्यांची खिडकी असते. नळी तेवढीच वाजते, खिडकी पायाने उघडायची. मी आईच्या जुन्या शिलाई मशीनचा पायटा काढून त्याला एक पोटेन्शिओमीटर लावला, रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणात असतो तो. आईला सांगितलं. या वेळी आधी सांगितलं.

ब्लूटूथ स्पीकरवर वाजवून बघितलं, पट्टी आत्ता आणि सूर नंतर. परत वायर.

२४ नोव्हेंबर

चर्चमध्ये पहिली चाचणी. टेम्पोतून पाटी, बाक, दोन कीबोर्ड, दोन मोठे स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर. सरांनी स्पीकर मागच्या गॅलरीत, उंचावर ठेवायला लावले. मी पुढे, वेदीच्या डाव्या बाजूला. मधलं अंतर पावलांनी मोजलं, वीस मीटर.

पहिली ओळ वाजवली आणि गाळ झाला. सगळे सूर एकमेकांत कालवलेले. थोडा वेळ स्पीकरला दोष दिला. मग लक्षात आलं: ध्वनिमुद्रणातच त्या दूरच्या चर्चचा घुमारा भरलेला, आणि त्यावर हे चर्च स्वतःचा घुमारा चढवतंय. एका चर्चमध्ये दुसरं चर्च वाजवत होते मी. घरी पडदे-गाद्यांच्या खोलीत तोच घुमारा गोड लागायचा. नळ्यांच्या अगदी जवळ माइक ठेवून केलेलं कोरडं ध्वनिमुद्रण लावलं. घरी ते डबा वाजवल्यासारखं लागतं. इथे दगडाने त्याला अंग दिलं.

दुसरी अडचण मोठी. वीस मीटर जायला आवाजाला साठेक मिलिसेकंद लागतात. म्हणजे मी पट्टी दाबते आणि सूर मागून उशिरा येतो. कानावर भरवसा ठेवून थांबले की लय खाली, मग आणखी उशीर, मग आणखी खाली. मोठ्या चर्चमधल्या वादकांना हे रोजचंच. आपला ठोका आपल्या अंगात धरायचा आणि येणाऱ्या आवाजाला पाहुण्यासारखं येऊ द्यायचं.

मला हे सांगता आलं, तबलजींना कसं सांगणार? ते माझ्या शेजारी. ते हैराण. "ताई, तुम्ही आधी की मागून?" दोनदा विस्कटलं. तिसऱ्यांदा त्यांनी ऐकणंच सोडलं आणि माझ्या पायांकडे बघायला लागले. चवडा खाली आला की थाप. जमलं. घरी येताना मला खालून वर बघणारी ती पाच-सहा वर्षांची मुलगी आठवत होती. चहा घेतला, झोपले.

१ डिसेंबर

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार. उपासनेनंतर सराव. सरांना ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन ऑर्गनवर हवं होतं. टिळक काही काळ नागपुरात होते, त्यामुळे इथल्या मंडळींना ते शेजारचे वाटतात. भजन अस्सल मराठी चालीत, खाली भजनी ठेका. माझी भीती अशी की एवढं मोठं यंत्र त्यावर बसेल म्हैस बसल्यासारखं.

आधी पेटीसारखं गळ्यामागे गळा धरून वाजवलं. वाईट. ऑर्गनला मींड नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि त्याचा शुद्ध गंधार आपल्या कानाच्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा. पेटीतही चढाच असतो, पण पेटी त्यावर थांबत नाही. इथे सूर लांब धरला की गंधार खडा लागल्यासारखा टोचतो.

मग हात उचलले. पायाने षड्ज धरला, सोळा फुटी, सगळ्यात मऊ खटका, आणि सोडलाच नाही. वर डाव्या हातात नुसता पंचम. गंधार लोकांवर सोडला. क्वायरमधल्या एका आजी डोळे मिटून गात होत्या, त्यांनी गंधार जिथे ठेवायचा तिथे ठेवला. पूर्ण भजन मी दोन सूर धरून बसले होते. तीन महिने सोडायला शिकले आणि पहिलंच काम धरून ठेवायचं निघालं.

सर म्हणाले, "हेच राहू द्या."

१५ डिसेंबर

पहाटे गच्चीखालची खोली १३ अंश. लाकडी नळी काढली. दट्ट्यावर मे महिन्यात पेन्सिलीने केलेली खूण तशीच होती. वीट ठेवली, वाजवली. दुपारच्या ४४ अंशांच्या सुरापेक्षा ८९ सेंट खाली. पांढरी एक होती, उन्हाळ्याच्या हिशेबाने जवळजवळ खालची पट्टी झाली. खरा नळ्यांचा ऑर्गन आमच्या चर्चमध्ये असता तर पेटीवाल्यांना मे आणि डिसेंबरसाठी दोन पेट्या लागल्या असत्या.

संध्याकाळचा कार्यक्रम झाला. बाख दुसऱ्या ओळीत एकदा चुकला, डावा पाय पांढरी चार सोडून पाचवर गेला. फारसं कुणाला कळलं नाही. तबलजींना कळलं, ते पायच बघत होते. टिळकांच्या भजनाला सगळं चर्च उभं राहून गायलं.

मिस्त्री आले होते, बायकोला घेऊन. सगळे गेल्यावर पाटीजवळ उभे राहून चौकटीचा सांधा अंगठ्याने दाबून पाहत होते. म्हटलं, वाजवा. त्यांनी बाहेर जाऊन पाय धुतले, कोरडे केले, मग बाकावर कडेला बसले आणि सगळ्यात डावीकडची पट्टी दाबली. सोळा फुटी चालूच होता. बाक थरथरला. ते पट्टी दाबून बसले, खाली वाकून जमिनीकडे बघत.

"ताई, हे तं खालून येऊन राह्यलं."

पाटी जानेवारीपर्यंत चर्चमध्येच ठेवायची ठरली. आई खूश. उरलेली कामं: वरच्या काळी दोनची बनात निघाली आहे, पायट्याचा पोटेन्शिओमीटर खरखरतो, आणि मिस्त्री म्हणतात बाकाची उंची दोन बोटं कमी करायला हवी. या वेळी खरंच म्हणाले, मी लिहून ठेवलंय.